कामोठ्याची ३८ मिनिटं

कामोठ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. वर्षभराची सरासरी धरली तर १२ वाजून ३८ मिनिटं झालेली असतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे तिकडे मिर्झापूरच्या बाजूच्या सूर्यावरून ठरते. कामोठे आहे ७३.१ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, त्यामुळे मिर्झापूरच्या डोक्यावरून निघालेला सूर्य आपल्या डोक्यावर यायला ३८ मिनिटं घेतो. इथे पहाटे साडेपाचचा गजर वाजतो तेव्हा सूर्याच्या हिशेबात पाचसुद्धा वाजलेले नसतात.

या फरकावरून मुंबईत एकेकाळी मोठं भांडण झालं होतं. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, जवळपास शहराच्या सूर्याबरोबर चालणारी. नवी वेळ आली त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम थांबवून विरोध केला. त्यात परक्या सरकारविरुद्धचा राग होताच. पण भोंगा ३९ मिनिटं आधी वाजला की उठावंही तितकंच आधी लागतं, हे सांगायला कुणा पुढाऱ्याची गरज नव्हती. मुंबईची जुनी वेळ शहरात कुठे कुठे थेट १९५५ पर्यंत टिकून राहिली.

मग घड्याळ बदललं तसं शरीरही बदललं असेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. जर्मनी पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत साधारण नऊ अंश पसरलेला आहे, म्हणजे देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला सूर्याला ३६ मिनिटं लागतात. देशभर घड्याळ एकच, टीव्हीवरच्या बातम्यांची वेळ एकच. टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या आणि २००७ साली निष्कर्ष मांडला: जसजसं पश्चिमेला जावं तसतशी लोकांची नैसर्गिक झोपेची वेळ पुढे सरकते, आणि ती अंशाला चार मिनिटं याच दराने सरकते. भिंतीवरच्या घड्याळाला शरीराने मान्यताच दिलेली नव्हती. मोठ्या शहरांत हा धागा थोडा सैल झालेला दिसला, कारण शहरी माणसाला दिवसाउजेडी ऊनच कमी मिळतं. हे वाचलं तेव्हापासून मला सेक्टरा-सेक्टरांतल्या पहाटेच्या दिव्यांकडे पाहताना वाटतं, त्या प्रत्येक खिडकीमागे दोन घड्याळं चालू आहेत आणि त्यांचं एकमेकांशी जुळत नाही.

दुसरं घड्याळ कुठे असतं? डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या दोन नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या नेमकं वर, हायपोथॅलॅमसमध्ये. साधारण २०,००० चेतापेशींचा तो पुंजका. तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि तरी शरीराचं तापमान कधी उतरायचं, मेलाटोनिन कधी सुटायचं, पहाटे कॉर्टिसॉल कधी चढायचं, हे सगळं वेळापत्रक तो ठरवतो.

असं घड्याळ सजीवांच्या आत असतं याचा पहिला सुगावा एका लाजाळूसारख्या झाडाने दिला. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने ते झाड काळोखात बंद करून ठेवलं. दिवसा उघडणारी आणि रात्री मिटणारी त्याची पानं सूर्य दिसत नसतानाही वेळेवर उघडत आणि मिटत राहिली. १९६२ साली मिशेल सिफ्र हा तरुण आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होती. दिवस मोजण्यात तो साफ चुकला होता. त्याचं शरीर मात्र चोवीस तासांच्या आसपासच्या ठेक्यावर झोपत आणि उठत होतं. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहांमधली वटवाघळं आणि एकांतखोलीत राहिलेली माणसं या दोघांच्याही अशा घड्याळांचा अभ्यास केला.

या घड्याळाचे काटे कशाचे असतात, हे कळायला चिलटं उपयोगी पडली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांना तीन प्रकारची बिघडलेली चिलटं सापडली: एकांचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्यांचा २८ तासांचा, आणि तिसऱ्यांना दिवस-रात्रीचा पत्ताच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांनी पुढे ते जनुक हाती घेतलं. त्या जनुकापासून एक प्रथिन बनतं, रात्रभर पेशीत साठतं, पुरेसं साठलं की स्वतःच्याच जनुकाला थांबवतं, मग दिवसभरात विरतं आणि जनुक पुन्हा सुरू होतं. एका फेरीला लागतात सुमारे चोवीस तास. या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. तुमच्या यकृतात, त्वचेत, स्नायूंत, जवळपास प्रत्येक पेशीत ही फेरी आत्ता हे वाचतानाही चालू आहे.

माणसाचं घड्याळ सरासरी चोवीस तासांहून दहा-बारा मिनिटांनी लांब असतं. त्याला रोज थोडं मागे ओढावं लागतं आणि ते काम करतो सकाळचा प्रकाश. त्यासाठी डोळ्यांत स्वतंत्र पेशी आहेत. त्यांना चित्र दिसत नाही, चेहरे कळत नाहीत. उजेड किती आहे, विशेषतः निळसर उजेड किती आहे, एवढंच त्या मोजतात. या पेशी उजेड स्वतः ओळखतात हे २००२ मध्ये सिद्ध झालं. ज्यांची दृष्टी गेलेली आहे पण डोळ्यांतल्या या पेशी शाबूत आहेत, अशा काही अंध व्यक्तींचं शरीर आजही सूर्याबरोबर चालतं. त्यांना ऊन दिसत नाही, तरी सकाळ झाली हे त्यांचा मेंदू जाणतो.

झोपेचा अर्धा कारभार हा घड्याळाचा. उरलेला अर्धा ॲडेनोसिन नावाच्या रसायनाचा. आपण जागे असतो तोवर मेंदू ऊर्जा खर्च करत असतो आणि त्या खर्चाबरोबर ॲडेनोसिन साठत जातं. जितका वेळ जागे, तितकं ते जास्त, तितकी झोप अनावर. झोपलं की ते ओसरतं. स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये या दोन शक्तींची जोडी मांडली आणि आजही झोपेचा विचार त्याच चौकटीत होतो. रात्री जागरण करणाऱ्याला पहाटे चारला डोळे उघडे ठेवणं अशक्य होतं आणि सकाळी नऊला, एक मिनिटही न झोपता, थोडी हुशारी येते, त्याचं कोडं यातून सुटतं. ॲडेनोसिन वाढलेलंच असतं, पण घड्याळाने सकाळ केलेली असते.

आणि चहा? लोकलमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात, तसं चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. ॲडेनोसिन कमी होत नाही, त्याला फक्त बसायला मिळत नाही. रक्तातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला स्टेशनबाहेर घेतलेल्या कटिंगचा निम्मा भाग रात्री अकराला अजून अंगात असतो. झोप लागते, पण तिची खोली कमी होते, आणि सकाळी त्याचं खापर आपण उशीवर फोडतो.

आता झोपेच्या आत काय चालतं ते पाहू. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की रात्रीचे सगळे तास सारखे नसतात. झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते: मेंदूच्या लहरी संथ आणि उंच होतात, वाढीचं संप्रेरक सुटतं. पहाटेच्या भागात स्वप्नांची झोप जास्त असते. डोळे पापण्यांखाली वेगाने हलत असतात आणि मानेखालचे जवळपास सगळे स्नायू मेंदूने सैल करून टाकलेले असतात, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरून खरंच धावत सुटला असता. ही झोप युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथनियल क्लाइटमन यांनी शिकागोत १९५३ मध्ये ओळखली. त्याआधी हजारो वर्षं प्रत्येक आईने बाळाच्या मिटल्या पापण्यांखाली ती हालचाल पाहिलेली असणार.

त्यामुळे आठ तासांच्या झोपेतून शेवटचे दोन तास कापले की झोपेचा नुसता पाव भाग जात नाही. स्वप्नांच्या झोपेचा फार मोठा वाटा जातो. आपण कामोठेकर जे तास कापतो ते नेमके हेच, पहाटेचे.

आणि झोपेत मेंदू रिकामा नसतो. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूतल्या पेशींचं बोलणं टिपलं. दिवसा एखाद्या जागेत फिरताना ज्या पेशी एकत्र पेटल्या होत्या, त्याच नंतर झोपेतही एकत्र पेटत होत्या. उंदीर झोपेत दिवसाचा रस्ता पुन्हा चालत होता. माणसातही दिवसभरात शिकलेलं रात्री पक्कं होतं, हे अनेक प्रयोगांतून दिसलं आहे. रात्री दोनपर्यंत अभ्यास करून सहाला उठणारं मूल अभ्यास पक्का होण्याचीच वेळ अभ्यासाला देऊन टाकतं.

झोपेत मेंदूची साफसफाई होते, हेही हल्ली खूप ऐकू येतं. त्याचा उगम २०१३ चा: मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाला झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींमधली मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेली आणि टाकाऊ पदार्थ जलद वाहून जाताना दिसले. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांना मात्र झोपेत ही सफाई उलट मंदावलेली आढळली. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि विज्ञान असं रंगेहाथ विचार करताना पाहणं मला फार आवडतं.

मेंदूसाठीच झोप लागते म्हणावं, तर कॅसिओपिया नावाची जेलीफिश समोर येते. तिला मेंदूच नाही. तरी ती रात्री मंदावते, आणि रात्रभर पाण्याचे झोत सोडून तिला त्रास दिला तर दुसऱ्या दिवशी सुस्त पडते. २०१७ मध्ये हे कळलं, आणि झोप मेंदूपेक्षाही जुनी असावी, असं मानायला जागा झाली. शिकारी टपलेले असताना दर रात्री निपचित पडणं इतकं धोक्याचं आहे, की त्याशिवाय भागलं असतं तर कोट्यवधी वर्षांत ते कुठल्यातरी प्राण्याने सोडून दिलं असतं. कुणीही सोडलेलं नाही. अंटार्क्टिकाकडच्या चिनस्ट्रॅप पेंग्विनांना अंडी सांभाळताना डोळा लावायची सोय नसते, म्हणून ते दिवसात दहा हजारांहून अधिक वेळा, दर वेळी सरासरी चार सेकंद झोपतात. अशी चार-चार सेकंदं जोडून त्यांची अकरा तासांवर झोप होते. हे २०२३ मध्ये मोजलं गेलं.

ही बातमी वाचताना मला हार्बर लाइन आठवली. कामोठ्याच्या स्टेशनाचं नाव मानसरोवर. तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सव्वा तास लागतो. त्या सव्वा तासात चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून, दांडीला धरून उभ्याने, शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकून किती माणसं झोपतात! आपल्या खाडीत येणारे फ्लेमिंगो एका पायावर उभे राहून सहज झोपतात, कारण त्यांच्या शरीराचं वजनच सांधा जागच्या जागी धरून ठेवतं. स्नायूंना कष्ट पडत नाहीत, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. माणसाला ती सोय नाही. स्वप्नांच्या झोपेत शिरायचं तर मान आणि गुडघे सैल सोडावे लागतात, म्हणून दांडी धरलेला माणूस झोपेच्या उंबरठ्यावरच घुटमळतो आणि मान कलली की दचकून जागा होतो. लोकलमधली झोप थकवा जरा हलका करते. रात्रीच्या झोपेचं काम तिच्याने होत नाही.

तरीही एक चमत्कार तिथे रोज घडतो. घोरणारा माणूस बरोबर ‘पुढील स्टेशन मानसरोवर’ ऐकून उठतो. खांदेश्वर किंवा खारघर ऐकून नाही. १९६० साली इयान ऑस्वल्ड या ब्रिटिश संशोधकाने झोपलेल्या लोकांना नावांची यादी ऐकवली. स्वतःचं नाव आलं की त्यांच्या मेंदूच्या लहरींत उसळी येत होती, इतर नावांना तशी येत नव्हती. झोपलेला मेंदू कान उघडे ठेवून निवड करत असतो. बाळाच्या नुसत्या कुरकुरीने उठणारी आई ढगांच्या गडगडाटात झोपून राहते, ती याच बळावर.

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, हे आता जगभरातले तज्ज्ञ मानतात. इथे नेहमीचं उत्तर येतं: मला सहा पुरतात, सवय झालीय. याची तपासणी झालेली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही निरोगी माणसांना सलग १४ दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष आणि प्रतिसादाचा वेग दिवसेंदिवस घसरत गेला. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची घसरण शेवटी पूर्ण एक-दोन रात्री न झोपलेल्या माणसांइतकी झाली. भयंकर भाग पुढे आहे. किती झोप येतेय, असं विचारल्यावर ती माणसं सुरुवातीचे काही दिवस सोडले तर फारसा फरक सांगत नव्हती. कामगिरी कोसळत होती आणि जाणीव थांबली होती. सवय होते ती न कळण्याची.

कामोठ्याला लागून कळंबोली आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तिथूनच सुरू होतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतके मंदावतात, हे ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठून दिवसभर काम केलेला माणूस रात्री दहाला जेवून पुण्याला गाडी काढतो, तेव्हा त्याचे १७ तास भरलेले असतात. त्याने थेंबही घेतलेला नसतो आणि नाक्यावरच्या कुठल्याही यंत्रात तो सापडणार नाही. लग्नकार्याहून रात्री परतायचं असेल तर मुक्काम करा, यजमानांना संकोच वाटेल तर वाटू द्या.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. चरकाने शरीराचे तीन आधार सांगितले त्यात आहाराच्या जोडीला निद्रा आहे. आणि पंढरपूर पाहा. आषाढी यात्रेत विठ्ठलाला चोवीस तास दर्शन द्यावं लागतं, म्हणून शेजघरातला त्याचा पलंग काढतात. रोजची काकडआरती आणि शेजारती थांबते. उभ्या देवाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड ठेवतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा जावा म्हणून ऊन पाण्याने स्नान घालतात, औषधी काढा देतात, पलंग परत जागेवर येतो. जागरण झालं तर ते फेडण्याचा विधीही त्याच वेळापत्रकात लिहिलेला आहे. आपण देवाला दिलेली ही सवलत घरातल्या माणसाला क्वचित देतो.

कामोठ्यात ती सगळ्यात जास्त लागते रात्रपाळीच्या लोकांना. एमजीएम रुग्णालयातल्या परिचारिका, तळोजा एमआयडीसीतले कामगार, कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल घेऊन येणारे ट्रकचालक. शरीराचं घड्याळ झोपायला सांगतं तेव्हा त्यांना काम करावं लागतं, आणि ते जागं करतं तेव्हा झोपावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरलं आहे. हे लोक आपल्यासाठी जागतात. तुमच्या मजल्यावर असं कुणी असेल तर दुपारी ड्रिलिंगचं काम लावू नका, बेल वाजवू नका, कुरिअर आलं तर तुम्ही घ्या. जाड पडद्यांची काळोखी खोली आणि चार तासांची शांतता यांचं मोल त्यांना कुठल्याही गोळीपेक्षा जास्त आहे.

दिवसपाळीच्या लोकांना दोन-चार गोष्टी हातात घेता येतात. उठायची वेळ रविवारीही फार बदलू नका; घड्याळ त्यावरच लागतं. सकाळी स्टेशनापर्यंत जमेल तितकं उन्हातून चाला. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्सचा असतो, ढगाळ आकाशाखालीही तो काही हजारांत जातो, आणि डोळ्यांतल्या त्या मोजणाऱ्या पेशींना हा फरक कळतो. संध्याकाळी उलट करा: नऊनंतर ट्यूबलाइट बंद करून एखादा पिवळसर दिवा ठेवा. मोबाइलच्या निळ्या उजेडाला जास्त बदनाम केलं जातं असं माझं मत आहे. तो उजेडाने चोरतो त्याहून खूप जास्त वेळाने चोरतो. सकाळच्या लोकलमध्ये डुलकी लागली तर खुशाल घ्या, पण रात्री आठच्या परतीच्या गाडीत शक्यतो जागे राहा. तिथे लागलेली अर्ध्या तासाची डुलकी दिवसभर साठलेलं ॲडेनोसिन उतरवते आणि घरी पोचल्यावर बारापर्यंत डोळा लागत नाही.

आणि पाय. झोप लागण्यासाठी शरीराच्या गाभ्याचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ती उष्णता बाहेर पडते हातापायांच्या त्वचेतून. पाय ऊबदार असलेल्या माणसाला झोप लवकर लागते, हे बाझेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. आमच्या आज्या काशाच्या वाटीने तळपाय घासायच्या, तेव्हा पायांतला रक्तप्रवाह वाढत असावा आणि गाभा निवत असावा. आजही ती वाटी भांड्याच्या दुकानात मिळते.

घरात कुणी जोरात घोरत असेल आणि मध्येच श्वास थांबून धाप लागत असेल, तर तिला गाढ झोप समजू नका. डॉक्टरांकडे न्या. त्यावर चांगले उपचार आहेत.

आता मुलांकडे येते, आणि इथे ती ३८ मिनिटं सगळ्यात महाग पडतात. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातच्या शाळेतलं मूल सूर्योदयाआधी बाकावर बसलेलं असतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. पावणेसहाला उठायचं तर पावणेनऊला झोपलं पाहिजे, आणि पावणेनऊला आई किंवा वडील अजून वाशीच्या पुलावर लोकलमध्ये असतात. मूल त्यांची वाट पाहत जागतं. देशाच्या पश्चिमेला सूर्यही उशिरा मावळतो. मौलिक जगनानी यांनी भारतातली आकडेवारी तपासून २०१९ च्या सुमारास दाखवलं, की सूर्यास्त एक तास उशिरा झाला तर मुलांची झोप अर्ध्या तासाने कमी होते, आणि त्याची खूण त्यांच्या एकूण शिक्षणाच्या वर्षांवरही उमटते.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पूर्ण होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचं सुचवलं. त्यानंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश काढला. बसच्या फेऱ्या, दोन सत्रांच्या इमारती, नोकरी करणारे आईवडील, अशा अडचणी लगेच पुढे आल्या आणि त्या खऱ्या आहेत. तरी मला हे आपल्या राज्याने झोपेसाठी उचललेलं सगळ्यात शहाणं पाऊल वाटतं. पाचवीच्या पुढच्या मुलांना त्याचा लाभ नाही. वयात येताना मुलांचं आतलं घड्याळ तासा-दोन तासांनी पुढे सरकतं आणि त्यांना रात्री लवकर झोप येतच नाही, म्हणून खरं तर उशिरा भरणाऱ्या शाळेची गरज त्यांनाही तेवढीच आहे.

तुमच्या मुलाचा चौथीपर्यंतचा वर्ग अजून नऊच्या आधी भरत असेल, तर पुढच्या पालकसभेत कारण विचारा, आणि मोठ्या वर्गांसाठी काय करता येईल तेही विचारा. आदेशाची तारीख ८ फेब्रुवारी २०२४ आहे. जाताना ती लिहून न्या.